ऐंशीचे पासष्ट

गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, बदला, असं पंक्चरवाल्याने सांगितलं तेव्हा मी मुकाट्याने जुन्याच मापाचे टायर घालून घरी आलो असतो, तर माझ्या मेहुणीचा साखरपुडा वेळेवर झाला असता आणि दातिवऱ्यापासून पालघरपर्यंतची माणसं मला चेहऱ्याने ओळखू लागली नसती. पण मी म्हटलं, टायर बदलतोच आहोत, तर चाकंही बदलून टाकू!

मी पुंडलिक. राहायला उमरोळीला, नोकरी बोईसरला एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये. आमच्या डिस्पॅचमधल्या दर्पणने गाडीला चकचकीत अलॉय चाकं बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा वॉचमन त्याला सलाम ठोकायला लागला. मला तोच वॉचमन अजून ओळखपत्र विचारतो. (एकोणीस वर्षं झाली.) तेव्हा ठरवलं, आपणही अलॉय घ्यायची. नुसती नाही, एक इंच मोठी.

"गाडी चालतेय ना?" माझी बायको समिधा म्हणाली.

"चालतेय. पण दिसायला नको का?"

"तुम्ही आत बसणार. चाकं बाहेर. तुम्हाला कुठून दिसणार?"

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन चाकं घेतली. जुनी चौदा इंची होती, नवी पंधरा. आता राहिले टायर. त्यासाठी बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या हिनाच्या दुकानात गेलो. हिना पंचविशीतली मुलगी, वडिलांमागे दुकान ती एकटीच सांभाळते. तिने माझ्या जुन्या टायरवरचे आकडे वाचले. एकशे पासष्ट, तिरकी रेघ, ऐंशी, आर चौदा.

"काका, पंधराच्या रिमला एकशे पंच्याऐंशी पासष्ट घाला. चपखल बसतील."

"पासष्ट? आता ऐंशी आहेत ना?"

"हो. ऐंशीचे पासष्ट करायचे."

"अगं, मी चाकं मोठी करायला आलोय. वर्गात ऐंशी मिळवणाऱ्या पोराला तू पासष्टवर आणतेस?"

ती हसली नाही. एका बाजूला टायर उभा करून तिने मला समजावलं, की हे मार्क नाहीत. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती उंच रबर आहे ते. रिम वाढली की रबराची उंची कमी करायची, म्हणजे बाहेरून चाक होतं तेवढंच राहतं.

"डोकं मोठं असलं तर फेटा आवरता बांधायचा, काका. नाहीतर दारात अडकतो."

इतकं स्वच्छ मला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं. पण मी पडलो स्टोअरवाला! दिवसभर गास्केट, बोल्ट, पाइपांची मापं माझ्या बोटांवर. "पोरी, मला साईज शिकवू नकोस," मी म्हणालो. "रबर भरपूर हवं. एकशे पंच्याण्णव ऐंशी दे."

"ते जीपचे आहेत."

"मग मजबूत असतील."

"असतील. मी तुमच्या गाडीला नाही लावणार."

आणि खरंच ती आत निघून गेली. दुकानदाराने गिऱ्हाइकाला हाकलल्यामुळे माझा अभिमान दुखावला आणि दुखावलेला अभिमान घेऊन मी सरळ एमआयडीसीच्या टोकाला एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने गाडीकडे न बघताच "बैठ जायेगा, साब" म्हटलं. मला असाच तज्ज्ञ हवा होता.

टायर बसले. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा टायर आणि मडगार्ड यांच्यात एक बोट जागा उरली होती. (करंगळी. पण बोटच ना?) गाडी अशी उंच, रुबाबदार दिसू लागली, की मी आत बसायला पाय जरा जास्तच वर उचलला. वर चमत्कार असा, की कंपनी ते घर हे रोज नऊ किलोमीटर भरणारं अंतर त्या दिवशी मीटरवर आठच भरलं!

"बघ," फाटक उघडायला आलेल्या समिधाला मी म्हणालो, "मोठ्या चाकांनी घर जवळ आलं."

"घर हललेलं नाही. मीटर खोटं बोलायला लागलंय," ती म्हणाली. तेवढ्यात मी फाटकातून आत वळायला स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि खालून आवाज आला. खर्रर्र.

"हे काय?"

"नवीन चप्पल नाही का चावत? रुळेल."

रविवारी मेहुणीचा, मेघालीचा, साखरपुडा होता. मुलगा पालघरचा, कुशल नावाचा, त्याच्या घरची चिकूची वाडी. हॉल पालघरलाच, मुहूर्त साडेअकराचा. दातिवऱ्याहून सासरच्या मंडळींना आणायचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं. (नवी चाकं दातिवऱ्यात कुणी बघायची?)

माझे सासरे बळवंत आयुष्यभर दर्यावर होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान. ते पुढे बसले. मागे सासूबाई दमयंती, समिधा आणि भरजरी साडीतली मेघाली. डिकीत ओटीचं सामान, फळांच्या परड्या आणि मुलाच्या आजीला आवडतात म्हणून बर्फात घातलेले सरंगे, ज्यांना शहरात पापलेट म्हणतात. गाडी निघाली. करंगळीएवढी जागा कुठे गेली, ते मला पहिल्याच गतिरोधकावर कळलं.

खर्रर्रर्र.

"जावय," सासरे म्हणाले, "खालून कोण वरडते?"

"काही नाही मामा. नवीन रबर आहे."

देवळापाशी वळलो. यावेळी आवाजाबरोबर जळक्या रबराचा वास आला. सासऱ्यांनी खिडकीतून डोकं काढून चाक पाहिलं, मग डोकं आत घेतलं.

"वजन जास्त झालाय. गाडी बसली हाय चाकावर. होडी अशी बसली ना, की आमी माल फेकतो पाण्यात." एवढं बोलून ते बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले.

शेवटी सरंगे आणि परड्या तशाच ठेवून माणसं उतरवायचं ठरलं. प्रत्येक गतिरोधकाला आणि प्रत्येक मोठ्या वळणाला सगळ्यांनी खाली उतरायचं, मी रिकामी गाडी अलगद पलीकडे न्यायची, मग सगळ्यांनी पुन्हा चढायचं. सासरे पुढे चालत हात करून मला वाट दाखवत होते. "जरा डावीकडं... बस, बस... आता सोड!" एडवणपर्यंत आम्ही नऊ वेळा उतरलो. दातिवरे ते पालघर रस्त्यावर एवढे गतिरोधक आहेत, हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं.

एडवणला एका वाडीच्या कुंपणाशी उभी असलेली बाई चकित होऊन म्हणाली, "अगो बाय, नवरी चालत का जाते?"

"नवस हाय," सासूबाईंनी मान खाली घालून सांगितलं.

बाईने मेघालीला हात जोडले. मेघालीनेही जोडले. माझ्याकडे मात्र मेघालीने ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात भक्तिभाव अजिबात नव्हता. समिधा मघापासून एक शब्द बोलली नव्हती आणि बावीस वर्षांच्या संसारात मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटत आलीय.

केळव्याच्या अलीकडे फट्टकन आवाज झाला. चाकावरचं आतलं प्लास्टिक फाटून टायरभोवती गुंडाळलं गेलं होतं. घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी रस्त्यावर आडवा होऊन ते ओढू लागलो. मेघाली माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

"भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "हात बाजूला करा. मागून टेम्पो येतोय."

टेम्पो सासऱ्यांच्या शेजारच्या सोमीमावशीचा होता. मासळी घेऊन त्या पालघरच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं, स्वतः मागे क्रेटवर जाऊन बसल्या आणि नवरीला ड्रायव्हरशेजारची जागा दिली. सासूबाई तिच्या बाजूला. सासरे आणि समिधा मागे, बोंबलांच्या संगतीत. परड्या आणि ओटी वर चढली.

"जावय, तुमी नाय येत?" मावशींनी विचारलं.

"मी गाडीजवळ थांबतो."

"थांबा," समिधा म्हणाली. सकाळपासूनचा तिचा तो पहिला शब्द.

टेम्पो गेला. मी प्लास्टिक उपटून काढलं, गाडीत बसलो, आणि काय सांगू, एकट्या माणसाला घेऊन गाडी झकास धावू लागली! फक्त जोरात वळायचं नाही. माहीम ओलांडून पालघरात शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. हॉलचं फाटक उजव्या हाताला, अरुंद गल्लीत. स्टिअरिंग फिरवलं. खर्रर्र. घाबरून सरळ केलं आणि पुढे निघून गेलो. लांबून मोठा वळसा घालून परत आलो. पुन्हा खर्रर्र, पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला हॉलच्या पायरीवर मुलाकडची मंडळी गोळा होऊन माझ्याकडे बघत होती. सगळ्यात पुढे मुलाची आजी.

"हा कोण सारखा जातोय?" तिने विचारलेलं मला उघड्या खिडकीतून ऐकू आलं.

"आमचे मोठे जावय," सासरे म्हणाले. "ते वळत नायत."

शेवटी गाडी रस्त्यावरच लावून मी चालत आत गेलो. साखरपुडा पाऊण तास उशिरा, पण थाटात चालला होता. मेघाली हसत होती. मुलाच्या आजीने सरंग्यांचं विचारलं आणि मी धावत गाडीकडे गेलो. बर्फाची पेटी काढताना बघतो तर खुद्द नवरा मुलगा, गळ्यात हार, माझ्या टायरपाशी उकिडवा बसलेला.

"भाऊजी, एकशे पंच्याण्णव ऐंशी आर पंधरा?" कुशल म्हणाला. "हा तर माझ्या जीपचा साईज आहे."

आजूबाजूच्या सगळ्यांनी ते ऐकलं. दर्पणला मिळणारा वॉचमनचा सलाम मला त्या क्षणी फार लांबचा वाटला.

सोमवारी अर्धी रजा टाकून हिनाच्या दुकानात गेलो. तिने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. हे तिचं मोठेपण, की मला आणखी लाजवायची रीत, ते देव जाणे. तिने एकशे पंच्याऐंशी पासष्ट घातले. गाडी वळली. अगदी शेवटपर्यंत, बिनआवाज. काढलेले चारही टायर मी कुशलला देऊन टाकले. नाहीतरी त्याचे झिजलेच होते.

लग्नानंतर पहिल्यांदा मेघाली आणि कुशल घरच्या चौघांना घेऊन जीपमधून दातिवऱ्याला गेले, तेव्हा आम्हीही तिथे होतो. सहा माणसं, दोन पोती कोलम तांदूळ आणि वाडीतल्या चिकूंची टोपली असूनही जीप बोळात अशी अलगद वळली, की सासरे ओट्यावरून उतरून खाली आले. त्यांनी टायरवर दोनदा थाप मारली आणि कौतुकाने मान डोलावली.

"मामा, हे तेच टायर आहेत," मी घाईघाईने सांगितलं. "माझेच. म्हणजे टायर वाईट नव्हते."

"नाय, नाय," सासरे समजूत घालत म्हणाले. "टायरात खोट नव्हतीच. आमच्याच जावयाचा साईज चुकलेला."