दगडूनानांचे एकशे तीस

दगडूनानांना "काय नाना, बरं आहे का?" असं विचारलं, की ते "एकशे तीस" म्हणतात. आकडा त्यांच्या उजव्या हाताचा. तो समोरून किती अंशांपर्यंत वर जातो, हीच त्यांची ख्यालीखुशाली.

नाना माझे शेजारी, मी निवृत्त मास्तर. एकाच हिवाळ्यात आमचे दोघांचेही खांदे जखडले आणि आम्ही एकाच जीपने तिसगावला फिजिओथेरपीवाल्या ताईंकडे जाऊ लागलो. ताई खांद्याला कोनमापक लावून दोनदा मोजतात. एकदा हात आपला आपण वर न्यायचा, एकदा त्या धरून नेतात. त्यांनी धरला तर माझा एकशे चाळीसपर्यंत जातो, पण आपला आपण एकशे दहाला अडतो. जन्मभर पोरांना कोन मी शिकवले आणि अंश मात्र नानांना मिळाले.

नाना आता काहीही नजरेनेच मोजतात आणि कधी चुकत नाहीत. फाटक अर्धवट उघडं दिसलं की "साठ". सरपंचांनी लांबून हात केला, तर "चाळीसच हाय. मनापासून न्हाई." परवा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "गुर्जी, तुमचं अजून एकशे धाच का?" तो चहा मला गेला नाही.

घरी माझी बायको कुसुम रोज सकाळी माझा हात धरून वर नेते. जोडीला तोंडाचा पट्टा चालूच. "कण्हू नका. एवढ्यात दोन भाकरी झाल्या असत्या. नानांचं बघा जरा." माझा नुसता जळफळाट व्हायचा. बायकोच्या तोंडून शेजाऱ्याचे अंश ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

पण नाना दुसऱ्या मोजणीला ताईंना हातच लावू देत नसत. "आपलं आपन बरं," म्हणायचे. यात काहीतरी गोम आहे, असं मला वाटलं. ती शोधायला एका सकाळी विळा मागायच्या निमित्ताने त्यांच्या परसात गेलो.

लिंबाच्या फांदीला जुन्या विहिरीची कप्पी टांगली होती. तिच्यावरून सोडलेला दोर डाव्या हाताने ओढत नाना उजवा हात वर चढवत होते आणि स्वतःलाच झापत होते. "कन्हू नका. एवढ्यात दोन भाकरी झाल्या असत्या."

मला पाहून ओशाळले. "भिंतीपल्याडून वैनींचं रोज ऐकतो, गुर्जी. लई हेवा वाटतो तुमचा. आमची गेल्यापासून मला कोन बोलतंय?"

"मग ताईंना तरी हात धरू द्या की."

"सवय लागंल. घरी आल्यावर कोन धरनार?"

मी विळ्याचं विसरलो. दोर सोडवून त्यांचा हात धरला आणि हळूहळू वर नेऊ लागलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "कण्हू नका."

"व्हय," नाना म्हणाले.

हात वर गेला, माझ्या एकशे चाळीसच्याही पुढे गेला आणि चांगला एकशे साठला टेकला. पोटात दुखायचं ते दुखलंच.

"किती?" नानांनी विचारलं.

"एकशे पस्तीस."

नानांनी मान वर करून आपला हात नीट निरखला. फाटकापासून सरपंचांपर्यंत कुठेही न चुकणारी ती नजर बराच वेळ तिथेच राहिली.

"तेवढंच हाय," ते म्हणाले. "उद्या परत घ्यावं लागंल."