हौसाबाईचं हँडल

गव्हाणपेठेत माणूस मेला की सायकलने जातो, आणि त्या सायकलला त्याच्या अंगाला सोसेल असं हँडल बसवून द्यायची जबाबदारी घरच्यांवर असते. सायकल नगरपालिका देते. वाट किती लांब आहे हे कुणी परत येऊन सांगितलेलं नाही, पण लांब असणार, कारण पालिकेच्या प्रस्थान विभागाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलं आहे: खांदे सैल, कोपरं किंचित वाकलेली, मनगटं सरळ. चुकीच्या हँडलवर गेलेल्या माणसाची बोटं बधिर होतात आणि पुढे त्याला विचारायला कुणी नसतं. तोल मात्र शिकवावा लागत नाही. जन्मात सायकलला हात न लावलेली माणसंही मेल्यावर नीट चालवतात, कारण पडायची धास्तीच उरलेली नसते.

मुदत सात दिवसांची. तोवर मेलेला माणूस घरातच असतो, बोलतो, फक्त जेवत नाही आणि झोपत नाही. त्याच्या मुठीतली पकड रोज थोडी कमी होते आणि सातव्या दिवशी दुपारी संपते. पकड संपली की पालिका सायकल काढून घेते, मग ती सगळी वाट पायी जायची. म्हणून लोक सहसा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी माणूस रवाना करतात. रडायचं ते सायकल दिसेनाशी झाल्यावर. समोर बसलेल्या माणसासाठी रडणं गावात बरं दिसत नाही.

सोपान लोणारेची बायको हौसाबाई मंगळवारी दुपारी तांदूळ निवडताना गेली. हातातलं सूप तिने निवडून संपवलं, खडे उंबऱ्याबाहेर टाकले आणि मग सोपानला सांगितलं. सोपान पालिकेतच व्हॉल्वमन होता, गल्लोगल्लीचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. त्याने पायांत चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या आणि प्रस्थान विभागात जाऊन नोंद केली.

तिथल्या ढेपेबाई कामाला चोख. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. हाताची लांबी, खांद्याची रुंदी, आणि त्याखाली एक रकाना: पूर्वीची बैठक. सोपानने तिथे 'कॅरियर' लिहिलं. ढेपेबाई म्हणाल्या की गावातल्या निम्म्या बायकांच्या अर्जावर हेच असतं. अशा वेळी जोडीचं माप लावायचा रिवाज होता. म्हणजे नवऱ्याच्या सायकलला जसं हँडल, तसंच बायकोला. सदतीस वर्षं जी बाई ज्या सायकलवर मागे बसली, तिला तीच सोसणार, असा त्यामागचा विचार. हा विचार कुणी केला ते ठाऊक नाही, पण तो कधी कॅरियरवर बसला नसावा.

बुधवारी सायकलच्या दुकानात यासीन मिस्त्रीने जोडीच्या मापाचं सरळ दांडीचं हँडल बसवलं. हौसाबाई पदर खोचून सीटवर बसली आणि दुकानापासून पाटाच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. सोपान शेजारून चालत होता. कसं वाटतंय विचारलं तर ती म्हणाली, "बरं हाय."

यासीन मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "लोणारे, तिच्या तोंडाकडं नका बघू, कोपराकडं बघा."

सोपानने बघितलं. हात काठीसारखे ताणलेले होते, खांदे कानाला टेकायला आले होते आणि मनगटं मागे मुडपली होती. अशा बैठकीत दोन मैलसुद्धा निघाले नसते. ही बाई सदतीस वर्षं त्याच्या पाठीमागे बसली होती. बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या सासरी. ती कशी बसते, कशाला धरून बसते, खड्डा आला की तिचं काय होतं, हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. पाठीमागून दर वेळी 'बरं हाय' ऐकू यायचं आणि तो पायडल मारायचा. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

गुरुवारी शिंगांसारखं वर चढलेलं हँडल बसवलं. त्याच्यावर पाठ ताठ राहिली, पण सगळा भार कमरेवर आला. आपल्याला कुणी विचारतं याची हौसाबाईला आता सवय झाली होती, म्हणून तिने कंबर धरते असं चक्क सांगितलं. सोपानला हे ऐकून बरं वाटलं. नापसंतीचा अर्ज भरला. त्यावर जाणाऱ्याचा अंगठा आणि घरच्याची सही, दोन्ही लागतात. जाणाऱ्याने कुठे टोचतं ते सांगायचं आणि घरच्याने 'पाहिले' असं लिहायचं, एवढंच.

शुक्रवारी यासीन मिस्त्रीने माळ्यावरून एक जुनं हँडल काढलं. रुंदीला बेताचं, दोन्ही टोकं बसणाऱ्याकडे वळलेली. त्याने ते दोन बोटं वर उचलून आवळलं. हौसाबाई बसली. तिचे खांदे आपसूक खाली आले, कोपरं वाकली, मनगटं सरळ राहिली. ती नाक्यापर्यंत गेली आणि वळून आली, तेव्हा समोरचा रस्ता आणि शेतं बघत आली. सीटवर बसून असं निवांत समोरचं बघायची तिची ही पहिलीच वेळ.

सोपानला पहिल्या पायडललाच कळलं की हेच ते. आता 'पसंत' लिहायचं, सही करायची आणि उद्या सकाळी ती जाणार. त्याने पेन हातात घेतलं. मग तो म्हणाला की उजवी बाजू किंचित खाली वाटते.

यासीन मिस्त्रीने उजव्या बाजूकडे बघितलं, मग सोपानकडे बघितलं आणि हँडल सोडवायला घेतलं. हौसाबाईने नापसंतीच्या अर्जावर अंगठा दिला.

शनिवारी दोन हँडलं झाली, रविवारी सकाळी आणखी एक. एकाच्या मुठी जाड निघाल्या, एकाची घंटी हाताला लागत होती, एक तर रंगच बरा नव्हता म्हणून परत गेलं. सोपान असा नखरेल माणूस कधीच नव्हता. गावातल्या लोकांना सगळं कळत होतं. कुंभार गल्लीला दोन दिवस पाणी आलं नाही, पण एकाही घरातून तक्रार गेली नाही. घर ते दुकान अर्धा कोस होतं आणि ते दोघं तो चालत जायचे, कारण तिची सायकल दुकानात, आणि स्वतःच्या सायकलवर तिला मागे बसवायला सोपान आता तयार नव्हता. शेजारी शेजारी चालत ते बोलायचे. धाकट्या दिराने वाटणीत केलेली लबाडी, लेकीचं पहिलं बाळंतपण, एकदा केलेला आणि जळलेला गाजराचा हलवा. सोपानला वाटायचं, इतकं बोलायचं होतं तर आधी कुठे गेलो होतो आपण.

रविवारी दुपारी ढेपेबाई पकड तपासायला आल्या. पद्धत साधी असते. ओला टॉवेल द्यायचा आणि पिळायला सांगायचा. मंगळवारी हौसाबाईने पिळला होता तेव्हा अर्धी बादली भरली होती. आज तिने टॉवेल दोन्ही हातांनी धरला, दात आवळले आणि पिळला. चार थेंब पडले. तिने पुन्हा पिळला. मग टॉवेलच हातातून निसटून खाली पडला आणि तो उचलायला तिला तीनदा हात घालावा लागला.

ढेपेबाईंनी वहीत लिहिलं आणि सांगितलं की उद्या सकाळी आठच्या आत रवाना झाल्या तर जेमतेम जमेल, नंतर पायी. मग वही मिटत म्हणाल्या की विभाग कुणाला घाई करत नाही.

सोपान भिंतीला टेकून बसला. पायी म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नाही. हौसाबाईच्या टाचा हिवाळ्यात फुटायच्या, मेण लावलं तरी रक्त यायचं, आणि त्याच टाचांनी आता ती सगळी वाट तुडवायची, कारण त्याला तिला सोडवत नव्हतं. त्याने तिला सगळं सांगून टाकलं. शुक्रवारचं हँडल बरोबर होतं, उजवी बाजू खाली नव्हती, आपण खोटं बोललो.

हौसाबाई म्हणाली, "मला ठावं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्या तरी अंगठा का दिला मग? मलाबी जायाचं नव्हतं."

मग सोपान उठला आणि यासीन मिस्त्रीला सांगायला गेला. मिस्त्रीने ते हँडल माळ्यावर परत टाकलंच नव्हतं. शुक्रवारपासून ते गल्ल्यामागे पुसून ठेवलेलं होतं.

सोमवारी सकाळी सहा वाजता तिघं पाटाच्या नाक्यावर जमली, हौसाबाई धरून चौघं. सायकल तयार होती. ती सीटवर बसली आणि तिने मुठी धरल्या. बैठक अगदी हवी तशी होती, पण बोटं मिटत नव्हती. यासीन मिस्त्रीने सायकल जराशी हलवून बघितली तर डावा हात सुटला.

तेव्हा सोपानने पाणीपुरवठ्याच्या पिशवीतून ट्यूबची पट्टी काढली. गळक्या पाइपाला बांधायला ती त्याच्याकडे कायम असायची, आणि त्याची गाठ आख्ख्या पेठेत कुठे सुटल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याने ढेपेबाईंकडे बघितलं. ढेपेबाईंनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. हात बांधण्याबद्दल त्यात काही नव्हतं. त्यांनी अर्जावर 'हातमोजे' असं लिहिलं आणि मान हलवली.

सोपानने डाव्या हातावर पट्टीचे दोन वेढे घेतले, मग उजव्या. मनगट मुडपू नये म्हणून त्याने ते खालून अंगठ्याने उचलून धरलं होतं.

"लई आवळू नगा," हौसाबाई म्हणाली. "वाटंत आई भेटली तर पाया पडाया हात निघाला पायजे."

सोपानने बांधलेली गाठ सोडली. मग त्याने तिथे सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटेल अशी, आणि तिचं टोक तिच्या करंगळीत अडकवलं. तिने एकदा ओढून बघितली. सुटली. त्याने पुन्हा बांधली.

मग त्याने अर्जावर 'पसंत' लिहिलं आणि सही केली. हौसाबाईने पायडलवर पाय ठेवला. घरच्यांनी सायकल ढकलायची नसते, तेवढा नियम होता, म्हणून सोपान हात मागे बांधून उभा राहिला. "येते," असं म्हणून ती निघाली.

पाटाचा रस्ता सरळ आहे, पार वडापर्यंत माणूस दिसत राहतो. माणूस दिसेनासा झाला की ती वेळ अर्जावर लिहायची आणि अर्ज बंद करायचा, असं शेवटच्या रकान्यात छापलेलं असतं. ढेपेबाई मनगटावरचं घड्याळ बघत उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी पेन कागदावर टेकवलं.

"अजून दिसतीय," सोपान म्हणाला.

ढेपेबाईंनी मान वर केली. वडापर्यंतचा रस्ता रिकामा होता, आणि वडापलीकडचाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सोपानच्या शेजारी उभ्या राहिल्या.