पिशोरकरांची गल्ली

“केशवराव पिशोरकर मोठे तत्त्वाचे म्हणवत, पण घराशेजारची सरकारी गल्ली मिळताच त्यांनीही ती गिळली आणि ढेकर दिला नाही.”

आमच्या मोहल्ल्याच्या गणेशोत्सवी स्मरणिकेत निवृत्त मुख्याध्यापक जोशी यांनी हे वाक्य छापले आहे. जोशी येथे राहायला आले तेव्हा केशवरावांना जाऊन तीन वर्षे झाली होती. मी मात्र त्या सात फुटी गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, केशवरावांच्या भिंतीकडे तोंड करून, वीस वर्षे राहिलो आणि त्यांतली बरीचशी त्यांच्याशी भांडण्यात घालवली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

गल्ली गिळणाऱ्या या माणसाची भूक आधी पाहू. केशवरावांच्या परसातल्या सीताफळाची एक फांदी भिंतीवरून गल्लीत झुकलेली होती. तिचे फळ गल्लीत पडले की केशवराव त्याला तोंड लावत नसत. जमीन नगरपालिकेची, म्हणून तिच्यावर पडलेले फळही नगरपालिकेचे. ते पिशवीत भरून कचेरीत नेत आणि पोच मागत. तिथल्या कारकुनाने पहिल्या वर्षी त्यांना वेड्यात काढले, पुढे दसरा जवळ आला की तोच रस्त्यात अडवून विचारी, “केशवराव, यंदा सरकारचं झाड काय म्हणतंय?”

उन्हाळ्यात सारा मोहल्ला बाजा टाकून गल्ल्यांत झोपे. केशवराव दर वर्षी बाज टाकण्याच्या परवानगीचा अर्ज करीत. उत्तर कधी आले नाही. म्हणून ते घरात घामाघूम होऊन पडत.

“पिशोरकर, कोण बघायला येतंय?” मी म्हणे.

“बघायचा सवाल नाय, पेशकारसाहेब. नकाशात बाज दाखवा, आत्ता टाकतो.”

मी कोर्टात न्यायाधीशापुढे कागद ठेवणारा पेशकार होतो आणि ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. “नकाशात दाखवा” हे त्यांचे पालुपद होते. निजामी अमदानीत त्यांनी साखळी ओढून अर्धा कन्नड तालुका मोजला होता, आणि जे नकाशात नाही त्याचे अस्तित्व ते मान्य करीत नसत. लग्नाच्या मांडवातसुद्धा पावले मोजून, “मांडववाल्याच्या पावतीत वीस हात लिव्हलंय, सतरा भरतंय,” असे ते वधूपित्याच्या तोंडावर सांगत.

ही गल्ली मूळची जनानी. पडद्यातल्या बायकांना रस्त्यावर न येता या घरातून त्या घरात जाता यावे, यासाठी ती कोणे एके काळी सोडलेली होती. तिच्या बंद टोकाला मेहरूबीचे मागचे दार होते. पोलीस ॲक्शननंतर तिचे सगेसोयरे हैदराबादेकडे गेले. ती विधवा बाई राहिली. घर तिच्या नावावर होते. पुढचा भाग तिने सुताराला भाड्याने दिला आणि स्वतः मागच्या खोलीत राहिली. केशवरावांच्या पत्नी हयात असताना दोघी दुपारच्या, मी कोर्टात गेलेला असताना, त्या दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडीत बसत. पत्नी वारल्या आणि ते दार उघडायचे थांबले. विधुराच्या घरी पडदानशीन बाई येणार कशी?

तरीही केशवराव रोज सकाळी ती गल्ली टोकापर्यंत झाडीत. शेवटच्या पायरीवर झाडूचा बुडखा दोनदा आपटीत, आतून कडी वाजे, आणि ते माघारी फिरत. शब्द एक नाही. पायरीवर झाडू आपटणे म्हणजे धूळ झटकणे आणि कडी वाजणे म्हणजे कडी वाजणे, एवढाच अर्थ मी कितीतरी वर्षे लावला.

पुढे नगरपालिकेने वापरात नसलेले गल्लीबोळ लगतच्या घरमालकांना देऊन टाकायचे ठरवले. ओव्हरसियर पाहणीला आला. त्याने केशवरावांना विचारले, “इथून जातं-येतं कोण?”

खोटे बोलले असते तर गल्ली वाचली असती. केशवराव म्हणाले, “कुणी नाय.”

“मग ठेवायची कशाला?”

“नकाशात हाय ना.”

“नकाशातून काढू की,” तो हसून म्हणाला. रेघ ओढण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला रेघ पुसताही येते हे एका ओव्हरसियरकडून ऐकावे लागले. त्या दिवशी ते मला प्रथमच म्हातारे दिसले.

गल्ली निम्मी-निम्मी वाटली जाणार होती. माझ्या साडेतीन फुटांत मी न्हाणीघर योजले होते, अगदी टोकाला. मेहरूबीच्या दारापुढे भिंत येईल, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. घराच्या पुढल्या अंगाला तिला दुसरा दरवाजा होता, एवढे मला पुरेसे वाटले.

आठवड्याभराने केशवराव आमच्या बैठकीत आले. हातात टाइप केलेला संमतीचा कागद होता.

“पेशकारसाहेब, तुमचे साडेतीन फूट सोडा.”

“म्हणजे सबंध गल्ली पाहिजे? फळाची पोच मागणारे तुम्हीच ना?”

“व्हय, मीच. सोडा म्हणतो.”

त्यांनी यापूर्वी माझ्याकडे काडेपेटीही मागितली नव्हती. मला संताप आला. “घ्या. एवढी भूक असेल तर सगळी घ्या,” असे म्हणून मी सही ठोकली.

“वाचून करा,” ते म्हणाले.

“तुमच्या कागदात वाचण्यासारखं काय असणार?”

आयुष्यभर पक्षकारांना “वाचल्याशिवाय सही करू नका” असे बजावणाऱ्या मी तो कागद वाचला नाही. त्याच संध्याकाळी पारावर बसून म्हणालो, “पिशोरकरांनी गल्ली गिळली आणि ढेकरही दिला नाही.” जोशींनी छापलेले वाक्य माझे आहे. त्यांनी ते उचलले तेही माझी परवानगी न घेता. म्हणून ते खोडण्याचा पहिला हक्क माझाच.

गल्ली मिळाल्यावर केशवरावांनी तिच्यात वीटही ठेवली नाही. उलट त्यांचा चळ वाढला. रोज झाडू घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी थांबत, खाकरत, आतून कडी वाजेपर्यंत उभे राहत आणि मगच पाऊल टाकत.

“काय पिशोरकर, स्वतःच्या जागेत जायलाबी अर्ज?” मी टोमणा मारला.

“मालकाची परवानगी लागती,” ते म्हणाले. मी पोट धरून हसलो.

सीताफळांचेही कचेरीत जाणे थांबले. कारकुनाला वाटले, झाड वाळले. ती आता मेहरूबीच्या पायरीवर ओळीने मांडलेली असत. आणि उन्हाळ्यात बाज? ती अखेरपर्यंत घरातच राहिली.

एके सकाळी मी दात घासत उभा होतो. गल्लीत कडी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा, मग सारखी वाजू लागली. शेवटी ते दार उघडले आणि वीस वर्षांत मी प्रथमच मेहरूबीला पाहिले. ओढणी अर्धी खांद्यावर, हात भिंतीला. “भाईसाब,” ती म्हणाली, “आज झाडू का आवाज नै आया. जाके देखो जी.”

केशवराव झोपेतच गेले होते. झाडू उंबऱ्याशी होता.

पुढल्या वर्षी तीही गेली. मग मी भूमापन कचेरीत जाऊन त्या पट्टीचा उतारा काढला. त्यासोबत माझ्या सहीचा संमतीचा कागदही निघाला. तो मी तेव्हा, कचेरीच्या बाकावर बसून, वाचला. जोशींना वाद घालायचा असेल तर त्यांनी खुशाल घालावा. केशवरावांच्याच रीतीने मी त्यांना कागदावर दाखवतो: त्या सात फूट जागेपुढे, पहिल्या दिवसापासून, मालक म्हणून नाव आहे ते मेहरुन्निसा बेगम यांचे.