दिवेकरकाकांचं बेट

दिवेकरकाकांकडे चहाला जायचं तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडावी लागते. चहा त्यांच्या बेटावर मिळतो आणि बेट तळ्यात आहे. तळंही त्यांनीच खणलंय. जर्मनीत इंगोलश्टाटच्या कडेला त्यांनी भाड्याने श्रेबरगार्टन, म्हणजे शहराबाहेरचा बागेचा तुकडा, घेतलाय, तिथे बाकीचे लोक निमूटपणे टोमॅटो लावतात.

काका गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. काकू गेल्यावर एकदा स्कॉटलंडला सहलीला गेले आणि क्रॅनॉग बघून आले. म्हणजे तिथल्या तळ्यांत जुन्या काळी माणसांनी दगड-लाकडं टाकून रचलेली बेटं, वर राहतं घर. तळाच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीचं लाकूड, बिया, लोण्याचं भांडंसुद्धा टिकतं. "चिखल खोटं बोलत नाही, गेनाऊ," हे काकांचं तेव्हापासूनचं पालुपद, शेवटी 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा जर्मन शिक्का मारून. पुढच्या संशोधकांची सोय म्हणून ते तळ्यात शेंगांची टरफलं आणि हापूसच्या कोयी टाकतात. मी एकदा कोय कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर दोन दिवस बोलले नाहीत.

खरी गंमत वाटेची. काही क्रॅनॉगना म्हणे पाण्याखालून दगडांची वाकडी वाट असे. वळण घरच्यांनाच ठाऊक, शत्रू पडायचा पाण्यात. काकांनी तीही केली. कुंपणाची उंची मोजायला आलेले बागसंघाचे अध्यक्ष टेपसकट पाण्यात बसले. बसल्या बसल्या त्यांनी तळ्याची खोली मोजून घेतली. मी स्वतः तीनदा पडलोय. वळण सांगा म्हटलं की काका विचारायचे, "तू घरचा आहेस का?" दर शनिवारी आमच्याकडे पोहे खाणाऱ्या माणसाने हे विचारावं, याचा मला राग यायचा.

त्यांची मुलगी सायली कायझर्सलाउटर्नला शिकायला गेली आणि योनास नावाच्या मुलाबरोबर राहू लागली. काका फोनवर नको ते बोलून बसले. मग दीड वर्षं ती इकडे फिरकली नाही. काकांनी विषय कधी काढला नाही, पण तळ्यातली टरफलं वाढली.

मे महिन्यात तिचा फोन आला: रविवारी आम्ही दोघं येतोय. काका हबकलेच. मी म्हटलं, वाटेवर एक फळी टाका. क्रॅनॉगला फळी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. योनास पहिल्याच भेटीत पाण्यात बसणार आणि सायली तिथूनच परत फिरणार, या विचाराने मलाच घोर लागला.

रविवारी सकाळी मुद्दाम लवकर गेलो. काका पाण्यात उभे राहून दगडावर दगड चढवत होते. वाट सरळ झालेली, पाण्याच्या चांगली वर आलेली, कुणालाही दिसेल अशी.

"काका, हे आता क्रॅनॉग नाही राहिलं," मी म्हणालो.

"वाकडी वाट शत्रूसाठी असते रे," ते मान वर न करता म्हणाले. "हा शेवटचा दगड हलतोय, जरा धर. तो पहिल्यांदाच येतोय, त्याचा पाय घसरायला नको."