तिरानाचं वडाप

"आई, तू बसमध्ये नाहीयेस म्हणजे? मग आहेस कुठे?"

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, घरच्या किचनमध्ये विनयच्या हातातला टोस्ट खाली पडला. पलीकडून, थेट अल्बानियातून, कमलाबाई शांतपणे म्हणाल्या, "बेरात म्हणून गाव आहे, तिथं. बस गेली की मला सोडून!"

कमलाबाई शिकागोकडच्या प्रीता, सुलेखा वगैरे तीन मराठी मैत्रिणींबरोबर बाल्कन टूरला गेल्या होत्या. छोट्या बसमध्ये या चौघीच आणि एक गाइड. आज टूरचा शेवटचा दिवस. संध्याकाळी तिरानाहून परतीचं विमान. जेवायला उतरताना खिडकीची जागा जाऊ नये म्हणून त्यांनी सीटवर शाल गुंडाळून ठेवली आणि वर आपली टोपी. जन्म कराडच्या एसटी स्टँडवर गेलेला, दुसरं काय करणार? जेवून त्या हात धुवायला गेल्या, तेवढ्यात गाइडनं लांबूनच पाहिलं, बाई झोपल्यात असं समजून बस सोडली. मैत्रिणी तर इतक्या मायाळू, की 'दमली बिचारी' म्हणून आपसात कुजबुजतच बोलत राहिल्या.

"अरे, गाइडला फोन कर ना!" विनयची बायको सुवर्णा ओरडली.

"लागत नाहीये यार!" विनय शहरांच्या बसची वेळापत्रकं बनवणाऱ्या कंपनीत होता. त्यानं लॅपटॉप उघडला. "आई, डोन्ट पॅनिक. मी बसचा टाइम चेक करतो."

एका साइटवर एक वेळ होती, दुसरीवर भलतीच, आणि तिसरीवर लिहिलं होतं, 'ड्रायव्हरला विचारा.' विनयला घाम फुटला.

"मिळाली रे गाडी," कमलाबाई म्हणाल्या. "व्हॅन आहे. इथं फुर्गोन म्हणतात. भरली की निघते. आपलं वडापच की!"

"आणि नाही भरली तर?"

"मग नाही निघत."

विनय मटकन खुर्चीत बसला. "आता किती भरलीय?"

"मी आणि एक आजोबा. थांब जरा."

मग फोनमधून खणखणीत आवाज आला, "तिराना, तिराना, तिराना! चला, बसा, बसा!"

विनय थिजलाच. हायस्कूलची माजी मुख्याध्यापिका, त्याची सख्खी आई, परक्या देशात पॅसेंजर गोळा करत होती!

"निघाली रे," म्हणून तिनं फोन ठेवला. विनय येरझारा घालत राहिला. बऱ्याच वेळानं गाइडचा फोन आला. "सर, व्हेरी सॉरी. बसचा टायर फुटला. सगळ्यांना खाली उतरवलं तेव्हा कळलं, की तुमच्या आई म्हणजे शाल आहे."

"व्हॉट?"

"दुसरी बस येईपर्यंत विमान जाणार, सर. आणि आई कुठे आहेत, आम्हाला..."

तेवढ्यात गाइडच्या फोनमधून एका गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि पाठोपाठ ओळखीचा आवाज, "अगं प्रीता, उन्हात काय उभ्या राहिलात? चला आत!"

"मॅडम, व्हॅन फुल आहे!" गाइड किंचाळला.

"काही फुल नाही. आजोबा, सरका थोडं. सुलेखा, पाय जवळ घे. सूटकेसा टपावर टाका. आणि भाऊ, तुम्ही दारात बसा, त्या डब्यावर."

गाइडला मराठी येत नव्हतं, पण तो बसला असावा. फोन कट झाला. पुढचा सगळा वेळ विनय आणि सुवर्णा फोनकडे टक लावून बसले. कुणाला पाणी प्यायचंही सुचेना.

शेवटी रिंग वाजली.

"विमानात बसलोय सगळ्या. काळजी करू नको."

विनयला रडूच फुटलं. "आई, यू आर टू मच! भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, तरी एकटी पोचलीस..."

"त्यात काय एवढं?" कमलाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "पण शिकागोला उतरल्यावर घ्यायला येशील ना रे? तिथनं तुझ्या घरापर्यंत यायला मला काहीच मिळत नाही."