सासऱ्यांपासून लपवलेला फ्यूज

स्वतःच्या गाडीचं काम माणसाने स्वतः करावं, असं माझं ठाम मत आहे. बॉनेट उघडता येत असताना गॅरेजवाल्याच्या दारात ताटकळायचं कशाला? हे मी बायकोला अनेकदा सांगितलंय, पण गुरुवारी जरा जास्तच जोरात सांगितलं. कारण शुक्रवारी सकाळी तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी! आधी दोनदा ती घाबरून नापास झाली होती. सोमवारपासून नवी नोकरी, आणि लायसन्स नसेल तर येऊच नका, असं तिथल्या साहेबांनी गोड आवाजात बजावलेलं.

"काळजी सोड," मी म्हणालो. "गाडीची अशी सर्व्हिसिंग करतो, की परीक्षकच म्हणतील, बाई, गाडी विकता का?"

"अहो, चालतेय ना ती? मग कशाला हात लावताय?"

"चालणं वेगळं आणि धावणं वेगळं!"

ऑइल बदललं, फिल्टर बदलला, प्लग बदलले. धोका एकच होता, सासरेबुवा! ते आमच्याकडे मुक्कामाला होते आणि त्यांना एक खोड आहे. उभी गाडी दिसली की आत बसून किल्ली फिरवायची आणि डोळे मिटून इंजिन ऐकायचं. मागच्या खेपेला माझी बोटं इंजिनच्या पट्ट्याजवळ असताना त्यांनी ऐकायला घेतलं होतं! म्हणून या वेळी मी आधीच इग्निशनचा फ्यूज उपसला. तो नसला की किल्ली कितीही फिरवा, गाडी मुकी. तो कागदात गुंडाळून मी पुडी बायकोच्या हातात दिली, कारण माझ्या खिशातल्या वस्तू थेट वॉशिंग मशीनमध्येच सापडतात.

"जपून ठेव. मी मागेपर्यंत कुणाला द्यायची नाही. तुझ्या बाबांना तर पत्ताही लागता कामा नये!"

"आहे काय त्यात?"

"तुला नाही कळायचं."

काम आटोपलं, हात धुतले आणि सुखाने झोपलो.

सकाळी बायको इस्त्रीचे कपडे घालून, पर्स काखेला मारून गाडीत बसली. किल्ली फिरवली. दिवा नाही, आवाज नाही. गाडी ढिम्म!

"अहो, ती पु..."

"थांब! मला विचार करू दे."

तेवढ्यात सासरेबुवा धावत आले. "जावईबापू, बॅटरी गेली! हे मी न ऐकताच सांगतो."

"बॅटरीच!" शेजारचे वकील कुंपणावरून म्हणाले. हे आमच्या गल्लीतले उंटावरचे शहाणे. त्यांनी उत्साहाच्या भरात स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून आणून आमच्या गाडीत बसवली. आमची गाडी हलली नाही. त्यांची तर हलणारच नव्हती. एका बंद गाडीच्या दोन झाल्या!

"अहो, जरा इकडे या ना," बायको कुजबुजली. "त्या पुडीचं..."

"आत्ता पुड्याबिड्या नकोत गं! उशीर होतोय!"

"धक्का मारू!" सासरेबुवांनी बाह्या सरसावल्या. "बस पोरी आत. बघतोच मी, तुला कोण अडवतं ते!"

त्यांचा रोख बंद गाडीवर होता. पण ऐकलं समोरच्या आजींनी!

"अगंबाई! बाप लेकीला घेऊन निघाला की! आणि जावई बघा, अडवायचं सोडून मागून ढकलतोय!"

झालं! अर्धी गल्ली गोळा झाली. चौघांनी गाडीचं तोंड धरलं. मागून आम्ही ढकलतोय, पुढून गल्ली ढकलतेय, गाडी जागच्या जागी!

"पोरी, उतर," आजी खिडकीत डोकं घालून म्हणाल्या. "संसारात भांड्याला भांडं लागायचंच."

"आजी, मला परीक्षेला जायचंय!"

"बघा! शिकायचंय बिचारीला, म्हणून हाकलतात!"

चौघांनी जोर वाढवला. बायकोने घड्याळाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. दोन महिने ती अंगणात बादल्या मांडून रिव्हर्स शिकत होती हो!

तेवढ्यात ती किंचाळली, "अहो, आता तरी ती पुडी मागा ना! बाबांसमोर देऊ की नको, हेच सकाळपासून विचारतेय मी!"

चौघांनी गाडीचं तोंड सोडलं. मी हात पुढे केला. तिने काखेतली पर्स उघडून पुडी माझ्या हातावर ठेवली. फ्यूज जागेवर बसवला, किल्ली फिरवली आणि गाडी अशी गुणगुणायला लागली, की सासरेबुवांचे डोळे आपोआप मिटले.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ते म्हणाले. मग एक डोळा उघडला. "पण माझ्यापासून का लपवलीत?"

मी मागच्या सीटवर बसून दार लावून घेतलं.

पोचलो एकदाचे! बायकोने गाडी वळवली, मागे घेतली, चढावर थांबवून पुढे काढली. सकाळच्या त्या गोंधळानंतर परीक्षक तिला अगदीच गरीब वाटत असावेत. शेवटी त्यांनी विचारलं, "गाडी सुरूच झाली नाही, तर सगळ्यात आधी काय कराल?"

"नवऱ्याला बॉनेटपासून लांब करीन."

परीक्षकांनी खिडकीतून, बाहेर उभ्या माझ्या धक्का मारून काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं आणि तिला पास केलं!

परत आलो, तर वकीलसाहेब काळा कोट घालून फाटकात उभे. त्यांची बॅटरी आमच्या गाडीतून परीक्षा देऊन आली होती! "आत्ता काढून देतो!" म्हणत मी बॉनेटला हात घातला.

आतून कर्कश हॉर्न वाजला. मी निमूटपणे हात मागे घेतला.