म्हसकर सरांचं एक कलम

रस्त्यात कुणी भेटलं की माणसं "कसं काय?" विचारतात. म्हसकर सर विचारतात, "तुमची संमती आहे ना?"

पनवेलात नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांना देशाच्या घटनेत एकच कलम घालायचं आहे. घटनेत काहीही बदलायचं झालं, तर आधी त्याचा मसुदा गावोगावी वाचून दाखवावा आणि मग एक पावसाळा जाऊ द्यावा. पावसाळाच का? "माणसं घरात बसतात. बसली की विचार करतात." एवढं बोलून सर वडाळे तळ्यावरच्या उतरत्या उन्हाकडे बघत राहतात. सगळा देश ओसरीवर बसून पागोळ्या बघतोय आणि हळूहळू एकमत होतंय, असं काहीतरी त्यांना त्या पाण्यात दिसत असावं.

कलम दिल्लीला पाठवायचं, पण आधी पनवेलचं एकमत हवं. म्हणून रोज संध्याकाळी तळ्याकाठी ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात. एकदा उरणच्या एका मासळीवालीने टोपली उतरवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पावसात आमी घरात बसत नाय, मास्तर. सुकी मासली इकत फिरतो. आमी इचार कवा करायचा?" सर कितीतरी दिवस बेचैन होते. शेवटी पावसाळ्यापुढे 'आणि दिवाळी' असं जोडलं, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

खरा विरोध मात्र एकाचाच. सॅमसन पेणकर, सरांच्या शेजारच्या इमारतीतले बेने इस्रायली ज्यू इंजिनिअर. "म्हसकर, तुझी दिवाळी येईपर्यंत एखाद्यावर अन्याय होत राहिला तर?" सर मसुदा बदलायचे. पेणकर नवी शंका काढायचे. त्यांचे आवाज चढले की तळ्यावरचे बगळे उडायचे. पेणकरांना ताप आला तेव्हा सरांनी सगळं काम थांबवलं. "विरोधी पक्ष आजारी आहे," म्हणाले, आणि रोज पेज घेऊन त्यांच्याकडे जात राहिले.

मागच्या वर्षी पेणकर मुलाकडे इस्रायलला निघाले. कायमचे. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते तळ्याकाठच्या बाकावर, सरांच्या आणि माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जा, पाठव तुझं कलम. माझी संमती."

मी टाळी वाजवली. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"पटलं म्हणून देतोयस, की जातोयस म्हणून?"

पेणकर हळूच म्हणाले, "जातोय म्हणून."

"मग नाही धरता येणार," सर म्हणाले.

कलम अजून गेलेलं नाही. विरोध करणारं आता कुणी उरलं नाही. परवा मीच न राहवून म्हटलं, "सर, माझी संमती आहे. सगळ्यांचीच आहे. पाठवून टाका."

सरांनी माझा हात धरून मला बाकावर बसवलं.

"एवढ्या लवकर हो म्हणू नका हो," ते म्हणाले. "जरा भांडा ना माझ्याशी."